वळणावरचे दगड

रस्ता सुरक्षेचं धोरण बदलायचं म्हणून लातूरला दुसऱ्या दिवशी सरकारी अधिकारी लोकांच्या सूचना ऐकणार होते. आदल्या सकाळी नांदेडहून मोटारसायकलवर निघालो. मागे बायको, सुनंदा. मुक्काम उदगीरला तिच्या बहिणीकडे. खिशात माझं टिपण: निष्काळजी चालकाला सरळ तुरुंग! निवृत्त मास्तर मी, शिक्षेवर भारी विश्वास. हेल्मेट मात्र घरात एकच, तेही माझ्या डोक्यावर.

मुखेडला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाल्ली. तिखटाने पाणावलेले डोळे पुसत सुनंदा म्हणाली, "तुमच्या भाषणाआधीच मला रडू आलं." पुढे दोन्हीकडे तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. रस्ता अरुंद, कडेला वीतभर जागा नाही.

एका वळणावर दगड. आमच्याकडे गाडी बंद पडली की मागच्याला कळावं म्हणून भोवती दगड मांडतात. गाडी दुरुस्त होऊन जाते, दगड तिथेच राहतात. पहिला चुकवला, दुसऱ्याने आम्हाला आडवं केलं. मी उठलो. सुनंदा उठेना. डोक्यातून रक्त वाहत होतं.

दोन मोटारी हळू झाल्या आणि निघून गेल्या. मग एक टेम्पो थांबला. चालकाने खांद्यावरचा रुमाल जखमेवर दाबला.

"साब, सांभाळून उचला. भाभींची मान हलू देऊ नका."

"पोलिसांचं लफडं झालं तर?" मी विचारलं.

"होऊ द्या. पहिलं जीव."

उदगीरच्या दवाखान्यात टाके पडले. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. सुनंदाने डोळे उघडले आणि मी ढसाढसा रडलो. त्या चालकाचे, रफिकभाईंचे, हात धरले. ते मान वर करेनात.

"ते दगड माझेच हायत, साब. काल टायर फुटलं. बाजूला घ्यायला जागाच न्हाई. दगड लावले, अन् निघताना ध्यानातच राहिलं न्हाई."

क्षणभर त्यांची गचांडी धरावीशी वाटली. पण एकुलतं एक हेल्मेट स्वतः घालून बसलेला मी कोणत्या तोंडाने बोलणार?

सुनंदाला बहिणीच्या स्वाधीन करून, तिच्याच हट्टाखातर, दुसऱ्या दिवशी एसटीने लातूर गाठलं. टिपण काढलंच नाही. म्हणालो, "बंद गाडी उभी करायला रस्त्याला कड द्या. माणूस विसरतो, चुकतो. त्यापायी कुणाचा जीव जाऊ नये, असा रस्ता बांधा."

साहेबांनी विचारलं, "आणि दगड ठेवणाऱ्याचं काय करायचं?"

"त्यांच्यामुळेच माझी बायको जिवंत आहे," एवढंच मला बोलता आलं.

चार दिवसांनी रफिकभाईंनीच आम्हाला टेम्पोतून नांदेडला आणलं. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. ते इतकं हळू चालवत होते की शेवटी सुनंदा म्हणाली, "भाई, मी बरी आहे हो. जरा पळवा की!"

"भाभी," ते म्हणाले, "तुम्हाला घरी सोडेपर्यंत न्हाई."