मोटरीला पाजलेलं तेल

माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिथे झऱ्याचं पाणी डोंगरावरून नळीने आपसूक दारात येतं. मोटर चालवायला मी सारोळ्याला सासरी येऊन शिकले, आणि शिकवलं आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी. नीरेकाठची आमची मोटर वर्षानुवर्षं तेच चालू करत आले. आता ती मोबाईलवरूनही चालू होते, तरी आबा रोज सकाळी काठी टेकत नदीवर जायचे. वय ऐंशीच्या पुढे, वाट घसरडी. आमच्या ह्यांना ते थांबवायचं होतं, फक्त निमित्त हवं होतं.

ते खंडेनवमीला मिळालं. त्या दिवशी अवजारांची पूजा असते. आबा हळदकुंकू घेऊन सकाळीच नदीवर गेले आणि पूजा करून त्यांनी मोटर चालू केली. मी वर टोमॅटोत होते. ठिबकच्या फिल्टरआधी मी हातभर पारदर्शक नळी जोडली आहे, पाणी पोचलं की कळतं. तिच्यात पाणी आलं आणि पाण्याच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी. खाली पाणी, वर पट्टी, दोन्ही निवांत चालली होती. मी चावी जरा जास्त उघडली. धार जोरात झाली तसं सगळं घुसळून ताकासारखं पांढरं दिसायला लागलं. फिल्टरची तोटी सोडून बोटावर घेतलं. शेंगदाण्याचं तेल! मी चावी बंद केली आणि मोबाईलवरून मोटरही. तेलाला धूळ चिकटली की ठिबकची भोकं बुजायला वेळ लागत नाही.

आबा चढण चढून वर आले.

"आबा, मोटरीत काय घातलंत?"

"त्याल. खंडेनवमीला इंजनाला पाजायचो का न्हाई? बाटलीभर दिलं. आता वरीसभर कुरकुरनार न्हाई."

"कुठनं?"

"वरच्या बुचातनं."

वरचं बूच मोटरीत पाणी भरायचं. जुन्या डिझेल इंजिनाला त्याच जागी तेलाची वाटी होती. हात सवयीने तिथे गेला आणि तेल थेट पाण्यात, पाइपात उतरलं. मी सांगितलं तेव्हा आबा बांधावर बसले ते बसलेच.

तेवढ्यात हे आले. "तरी मी म्हणत होतो. उद्यापासून आबांनी मोटरीकडं जायचं नाही. फिटरला फोन करतो."

आबांनी मान वर केली नाही. जमिनीकडे बघत म्हणाले, "फिटर कशाला? पानी निजू द्या. त्याल चढावर यील."

आमचा पाइप नदीकडून चढत येतो, बांधावरून जातो आणि मग रानात उतरतो. बांधावर, सगळ्यात उंच जागी, हवा सोडायची तोटी आहे. आम्ही थांबलो. मी घरी जाऊन चहा करून आणला. हे उभ्यानेच प्यायले.

मग आबा तोटीपाशी बसले. मी खाली बादली धरली. "सूनबाई, दाब आता."

मी मोबाईलवर मोटर चालू केली. तोटी आधी फुसफुसली, मग पिवळी जाड धार आली. ती पातळ झाली, गढूळ पांढरी झाली. आबा दर थोड्या वेळाने बोटं बुडवून चोळून बघत होते. बोटांना बुळबुळ लागेनाशी झाली तेव्हा म्हणाले, "बंद."

"भजी तळ यात," बादलीकडे बघून ते म्हणाले.

"तुमीच खा ती नदीतली भजी," मी म्हटलं. ते हसले. हे हसले नाहीत, पण फिटरला फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आबा अंघोळ करून ओट्यावर बसले होते. नदीकडे गेले नव्हते. मला म्हणाले, "मोटर चालू करू का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं. मला ते ऐकवलं नाही.

"मला काय विचारता? चला, मोबाईल बंद पडलाय," मी म्हटलं. मोबाईल कमरेला होता आणि चांगला चालू होता.

हे दारात तोरण बांधत होते. आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सावकाश ने त्यांना."

उतारावर मी पुढे झाले. आबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला.