तीन विरुद्ध तीन

“नवीन टीचर आल्यापासून आमची पोर हाक न मारता उठते हो,” जाळीपलीकडे एक आई दुसरीला सांगत होती. “आधी दर रविवारी पोटात दुखायचं.”

मी जाळीच्या अलीकडे सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडत होते. आधी म्हणजे माझ्याकडे. पेणकरपाड्याच्या टर्फवर बारा वर्षांखालच्या मुलींना मी दोन वर्षं फुटबॉल शिकवत होते. नवी कोच येऊन जेमतेम महिना झाला होता, आणि ही बॅच पुढे कोणी घ्यायची ते अकॅडमी चालवणारे सर आज ठरवणार होते.

ती कोच किनाऱ्यावरच्या पालीची, कोळ्यांच्या घरातली. स्कूटरवरून उतरायच्या आधीच तिचा आवाज सुरू. “काय गो बायांनो, झोप उडाली का न्हाय?” मुली तिच्याकडे धावत सुटायच्या. मला त्या “गुड मॉर्निंग मिस” म्हणायच्या, एका सुरात, वर्गात म्हणतात तसं.

माझ्याकडे रांग असायची. एकीने बॉल घेऊन जायचं, गोलवर मारायचं, परत रांगेच्या शेवटी यायचं. तिने रांगच काढून टाकली. कोन लावून टर्फचे तुकडे केले, प्रत्येकात तीन विरुद्ध तीन, छोटे गोल, गोलकीपर नाही. मला तो नुसता गोंधळ वाटला. खरं म्हणजे तो गोंधळच असावा अशी माझी इच्छा होती. सरांना दाखवायला म्हणून मी त्या दिवशी एका मुलीच्या चुका वहीत टिपायचं ठरवलं. निवडली ती जाळीपलीकडे बोलणाऱ्या त्या आईचीच मुलगी.

ती माझी लाडकी होती. रांगेत कधी धक्काबुक्की नाही, उलट मागच्या मुलीला “तू जा” म्हणून पुढे सोडायची. मी सगळ्यांसमोर तिला शिस्तीची म्हणायचे.

खेळ सुरू झाला आणि बॉल तिच्याकडे आला. तिने सवयीने मागे पाहिलं. पुढे सोडायला मागे कोणीच नव्हतं. बॉल गेला.

“परत घे गो, तुझाच हाय!” कोच ओरडली.

ती धावली, बॉल हिसकावला, घालवला, पुन्हा धावली. मी वहीत प्रत्येक चुकीला एक रेघ मारत होते, मग हात थांबला. माझ्या रांगेत अख्ख्या तासात तिच्या पायाला इतक्यांदा बॉल लागला नसता. दोन वर्षं ती स्वतःचा नंबर टाळत होती आणि मी तिला त्याचीच शाबासकी देत होते. शाळेत मीही अशीच मागे मागे सरकायचे. निदान मला तरी कळायला हवं होतं.

तिने गोल मारला आणि जाऊन त्या कोचच्या कमरेला मिठी घातली. मला कधी घातली नव्हती.

सर आले. “बोला मॅडम, तुम्ही सीनियर. बॅच कोणाकडे द्यायची?”

वहीत चुकांचं पान भरलं होतं. दाखवता आलं असतं.

“तिलाच द्या, सर,” मी म्हटलं. “मला अजिबात आवडणार नाही. पण तिलाच द्या.”