कुंड्यांचं माहेर

बातमी सौंदडच्या गाडीने आली. आमच्या बागमंडळातले गार्डसाहेब गाडीवरून उतरले ते हातातल्या झेंड्यांसकट थेट आमच्या राइस मिलच्या फाटकाशी आले आणि म्हणाले, "बाबूजी, रुखमाबाई चली गईं." मी म्हणालो, "ठाऊक आहे. भावाकडे मळणीला गेल्यात." गार्डसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली... तेव्हा कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले. गार्डसाहेबांना मी त्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही, याची अजून लाज वाटते.

रुखमाबाई मूळच्या सौंदडकडच्या, कोहळी घरातल्या. नवरा लवकर गेला, मुलगा नामदेव रेल्वेत सांधेवाला झाला, म्हणून त्या गोंदियाला क्वार्टरमध्ये राहायला आल्या. अंगण हातभर, पण घासलेटच्या कापलेल्या डब्यांत त्यांनी काय काय लावलं होतं! आमचं मंडळ स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी निघालं. रेल्वेतली, शाळेतली, आमच्यासारखी मिलमधली पंधरावीस माणसं. संक्रांतीनंतरच्या रविवारी स्नेहमेळावा भरायचा, म्हणजे एकमेकांच्या शेवंतीला वाहवा म्हणायचं, चिवडा खायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या वर्षी रुखमाबाई आल्या. सगळं मुकाट्याने पाहिलं आणि म्हणाल्या, "नुसते फुलं पाहून काय करता जी? झाड द्या एकमेकाले." तेव्हापासून आमच्यात रीत पडली. प्रत्येकाने आपलं सगळ्यांत चांगलं रोप दुसऱ्याला द्यायचं, उरलंसुरलं नाही. आणि ज्याने नेलं त्याने पुढच्या मेळाव्याला ते कुंडीसकट परत आणून दाखवायचं. देणाऱ्याने त्याला हळदकुंकू लावायचं, पाणी घालायचं, आणि पुन्हा सासरी पाठवायचं. मोठमोठे मिशीवाले बाप्ये सायकलीवर कुंडी बांधून माहेरपणाला येत. लोक हसायचे. हसेनात का!

आता माझा पराक्रम सांगतो. एका साली सगळ्यांनी एकमेकांना गुलाब दिले होते. मी मिलमधला माणूस, मला वाटलं आपल्या हातून मंडळाचं काही भलं व्हावं. बॉयलरमधून कोंड्याची राख निघते, तिचा मिलमागे ढीग असतो. राख खताला चांगली, एवढं ऐकून होतो. दिवाळी झाल्यावर त्या ढिगातली ताजी राख डबे भरभरून घरोघर पोचवली. कोंड्याची राख वरून गार दिसते, आत आठ आठ दिवस धुमसते, हे मिलमधल्या पोराटोरांना ठाऊक असतं. मला नव्हतं असं नाही. पण हौस मोठी वाईट. एकाने विचारलंसुद्धा, "बाबू, ही कोमट कशी?" मी ऐटीत म्हणालो, "थंडीचे दिवस आहेत, मुळांना ऊब बरी." लोकांनी विश्वासाने घमेलंभर घातली, वर पाणी ओतलं. पंधरा दिवसांत गोंदियातले बहुतेक गुलाब करपले. गार्डसाहेब भर बाजारात म्हणाले, "बाबूजी, आपने तो सबका बगीचा फूँक दिया."

संक्रांत जवळ आली तशी बोलणी सुरू झाली, की आणायला झाडंच नाहीत तर या साली मेळावा नको. मी मनातून सुटलो. मंडळ सोडायचं आणि क्वार्टरांच्या रस्त्याने पुन्हा जायचं नाही, असं ठरवूनही टाकलं. तर एका सकाळी रुखमाबाई दारात.

"काऊन जी बाबू, लपून राहिले?"

"कोणतं तोंड घेऊन येऊ?"

"हेच. दुसरं कोठून आनता?" त्या उंबऱ्यावरच बसल्या. "आमी कोहळी मानसं, तलाव बांधनारे. पाळ फुटली त पयले गावाले सांगतो, मंग माती टाकतो. लपवली त पुरं गाव बुडते. मेळावा होनार. मेलेलं झाड बी आनाचं. लेक मेली त माहेराले सांगत नाई का?"

आणि मेळावा झाला. फांद्या काळ्या पडलेल्या चौदा कुंड्या ओळीने मांडल्या होत्या, आणि मला समोर उभं केलं होतं. मी सगळं सांगितलं, उबेची गोष्टसुद्धा. मग रुखमाबाई उठल्या, त्या साली जगलेला स्वतःचा एकुलता एक गुलाब उचलला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो. "घ्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली आना. जितं आना नाई त मेलं आना, पन या." मग गार्डसाहेबांनी चिवड्याचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

त्यानंतर मी एकही मेळावा चुकवला नाही. राख पावसाळाभर भिजवून मगच वापरायची, हेही त्यांनीच शिकवलं.

आता मंडळी म्हणतात, यंदा राहू द्या, बाई गेल्या, कोणाचं मन लागणार? मला हे पटत नाही. रुखमाबाईंनाही पटलं नसतं. गेल्या आठवड्यात नामदेवची बदली झाली. तो म्हणाला, "डबे कोठं नेऊ बाबू? तुमीच ठेवा." एकतीस डबे बैलगाडीने घरी आणले. उतरवताना मला रडू आलं, गाडीवानासमोरच आलं. मी काही रुखमाबाई नाही. माझ्या हाताला त्यांच्यासारखा गुण नाही, यातली निम्मी झाडं मरतील हे मला ठाऊक आहे. मरतील ती लपवणार नाही.

मेळावा होणार. संक्रांतीनंतरच्या रविवारी, दुपारी चार वाजता, माझ्या अंगणात. रुखमाबाईंनी दिलेली झाडं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती आणावीत, हळदकुंकू मी लावीन. आणि ज्याचं झाड गेलं असेल, त्याने सगळ्यांच्या आधी यावं.