त्याच सकाळची अंडी

मला थांबता येत नाही. चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा मी ओट्यापाशी येरझारा घालतो. घरात त्यावरून माझी चेष्टा होते, मीही हसतो. पण नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली की हसू येत नाही.

नाशिकला सिडकोत आमची एक खोली होती. बायको दवाखान्यात होती. पाचव्या महिन्यात मूल गेलं होतं. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर मला झापत होते, मी नर्सवर चिडत होतो. शेवटी बायको एवढंच म्हणाली, "घरची अंडी असली तर खाईन." घर म्हणजे तिचं माहेर, घोटीच्या पुढची वाडी.

निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता सासरे आले. डब्यात भाताचं तूस आणि त्यात सहा अंडी.

"आज सकाळचीच हायेत. कोंबड्या अंडी घालाया बसल्या होत्या, म्हून थांबलो, दोन गाड्या सोडल्या," ते म्हणाले.

भेटायची वेळ चार ते पाच. मी लगेच स्टो पेटवला, अंडी चांगली उकडली, गार पाण्यात टाकली आणि सोलायला बसलो. टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघायला लागले. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. सासरे उकिडवे बसून बघत होते.

"ताजं हाय ना, सोडत नाय लवकर. दमानं घ्या."

मला कुठला दम? घड्याळात चार वाजून गेले होते. चौथं अंडं हातातच फुटलं आणि माझा पारा चढला.

"मामा, राहू द्या तुमची अंडी. असली कुरतडलेली तिच्यापुढे ठेवू का?"

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन गावरान अंडी आणली. किती दिवसांची होती कोण जाणे, पण उकडल्यावर टरफल झटक्यात उतरलं.

दवाखान्यात पास एकच. सासरे बाहेर बाकड्यावर बसले, मी डबा घेऊन आत गेलो. मूल गेल्यापासून पहिल्यांदाच बायको स्वतःहून उठून बसली. तिने एक अंडं उचललं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"ही बाबांनी आणलेली नाहीत. आमच्याकडची ताजी अंडी कधी इतकी गुळगुळीत सोलली जात नाहीत."

मी खाटेपाशी येरझारा घालायला लागलो.

"ही बाबांच्या समोर सोललीत?"

"हो."

तिने डब्याचं झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन मी पास सासऱ्यांच्या हातात दिला. ते घाईघाईने उठले. "खाल्लं का तिनं?" त्यांनी विचारलं. मी नुसतीच मान हलवली, नाही म्हणून.