डाव्या हाताचा घास

अण्णा नगरातल्या एका खाजगी इस्पितळात विजयलक्ष्मीअक्कांनी बावीस वर्षं वॉर्ड ओढला. घराणं तंजावरकडच्या मराठ्यांचं. त्यामुळं बोलणं जुन्या वळणाचं, मधेच तमिळला जाऊन परत येणारं. दोन हजार चार साली इस्पितळानं वरच्या मजल्यावर नर्सिंग कॉलेज काढलं. शिकवायला माणसं कमी पडली, तशी अक्कांच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि खडू दिला. विषय कोणता, तर थिअरी.

"अय्यो, मज थिअरी काय कळते हो!" त्या घरी येऊन रडकुंडीला आल्या. मग रोज संध्याकाळी स्वयंपाक आवरून पाठांतर. नवरा सेतुमाधव पुस्तक धरून बसायचा. बँकेतला कारकून तो, एक शब्द चुकला तरी सोडायचा नाही. "ह्यापेक्षा विष्णुसहस्रनाम पाठ कर," म्हणायचा. "निदान पुण्य तरी लागेल."

सगळ्यात मोठा धडा परदेशातल्या एका बाईंच्या सिद्धांताचा. रोग्याला स्वतःचं जे जमतं ते त्यालाच करू द्या. जमत नाही तेवढंच तुम्ही करा, आणि हळूहळू तेही त्याला शिकवा. अक्का हे फळ्यावर लिहायच्या, पोरी उतरून घ्यायच्या. खाली वॉर्डात मात्र अक्कांनी जन्मभर उलटंच केलेलं. अर्ध्या तासात सहा जणांना भरवून मोकळ्या व्हायच्या, आणि त्यासाठीच लोक त्यांना अम्मा म्हणायचे.

तिसऱ्या वर्षाला क्षमा नावाची मुलगी होती. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले. तिला त्या सिद्धांतानं झपाटलं. तिच्या वाट्याला आलेला रोगी वेंकट, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातला फिटर. लकव्याच्या झटक्यानं उजवं अंग गेलेलं आणि वाचाही. उरला एकच शब्द, 'वेंडाम', म्हणजे नको. बायको श्रीलक्ष्मी तिकडंच दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. घरी तिसरं माणूस नाही.

"अक्का, ती कामावर गेली की दुपारी ह्यांना कोण भरवणार?" क्षमानं विचारलं. "दहा दिवसांनी सोडणार आहेत. डावा हात धड आहे. मी शिकवते."

"डावा?" अक्का थबकल्या.

"चमच्यानं हो!"

"चमचा असला म्हणून हात बदलतो काय गे?" पण सिद्धांत त्यांनीच शिकवलेला. "सरि, बघ करून," म्हणाल्या.

पहिल्या दिवशी दहीभात उशीवर. दुसऱ्या दिवशी हनुवटीवर. चौथ्या दिवशी तीन चमचे तोंडात गेले. क्षमा अशी हसली की जणू पोर पहिलं पाऊल टाकतंय. वेंकट चोरासारखा दाराकडं बघत चावत होता.

पाचव्या दिवशी श्रीलक्ष्मी लवकर आली. तिनं पाहिलं आणि चमचा हिसकावून घेतला.

"ज्या हातानं धुतो त्या हातानं अन्न? मी काय मेले का?"

"पण ताई, तुम्ही कामावर गेल्यावर..."

"तू गप. काल जन्मलेली पोर!" मग ती अक्कांकडं वळली. "सिस्टरम्मा, हिला कळत नाही. तुम्हालाही?"

वेंकटनं तोंड मिटून घेतलं होतं. डोळ्यांतून पाणी चाललेलं. क्षमा अक्कांच्या तोंडाकडं बघत होती, कधी बोलतात म्हणून. बोलायचं सगळं अक्कांना पाठ होतं. पण लहानपणी पानावर डावा हात गेला म्हणून आजीनं उलथनं तापवून दाखवलं होतं. तेच वर आलं. त्यांनी हात धुतला, वाटी घेतली, भात कालवला आणि उजव्या हातानं वेंकटला भरवायला लागल्या. पाच मिनिटांत वाटी रिकामी.

"अक्का," क्षमा हळूच म्हणाली, "तुम्हीच शिकवलं होतंत."

"हो गे. शिकवलं मी."

त्यानंतर चमचा दिसला की वेंडाम. क्षमा रोज जायची, रोज परत यायची. दहाव्या दिवशी त्याला घरी सोडलं.

क्षमानं कॉलेजला द्यायच्या फाइलीत लिहिलं, 'उद्दिष्ट, रोगी स्वतः जेवेल: साध्य झाले नाही.' प्राचार्य अनंतरावांनी अक्कांना बोलावलं. "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. असं कोण लिहितं? 'काही अंशी साध्य' म्हणून एक सोय पुस्तकातच आहे, ती वापरा की." क्षमानं खोडलं, सोय वापरली. अक्कांनी खाली सही केली. फाइलीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले.

महिन्यानं श्रीलक्ष्मी त्याला तपासणीला घेऊन आली. गळ्याची हाडं वर आलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा.

"डबा उशाशी ठेवून जाते, सिस्टरम्मा," ती म्हणाली. "संध्याकाळी येते तर तसाच. मी भरवल्याशिवाय शिवत नाही. सुट्टी मागितली तर काढून टाकतो म्हणतात."

अक्का वॉर्डातून चमचा घेऊन आल्या आणि बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. त्याच्या डाव्या मुठीत चमचा ठेवला, वरून आपला हात धरला. ह्या वेळी श्रीलक्ष्मीनं चमचा हिसकावला नाही. पदर तोंडाशी धरून नुसती बघत राहिली. वेंकटनं बोटं सैल सोडली. चमचा फरशीवर पडला.

"वेंडाम," तो म्हणाला.

वर तासाची घंटा झाली. नव्या वर्षाच्या मुली वह्या उघडून बसल्या होत्या. अक्कांनी फळ्यावर त्या परदेशी बाईंचं तेच वाक्य लिहिलं.

"मॅडम, एखादं उदाहरण सांगा ना," पुढच्या बाकावरची म्हणाली.

अक्कांनी खडू ठेवला, हात झटकले.

"पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. "त्यातला माणूस डाव्या हातानं सूप पितो. ते लिहून घ्या."