कुणीच हात लावला नव्हता

फॉल्ट शोधणं हा आमचा घरचाच धंदा. बाबांनी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली. मी भिलाईत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. चुका काढायचा पगार मिळतो हे ऐकल्यावर आई म्हणाली होती, "मंग मले कावून नाही भेटत? मी तं तुया बाबाच्या लग्न झाल्यापासून काढून राहिली." तर अशा घरातला कॉम्प्युटर रोज बंद पडतो आणि का पडतो ते तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही, ही मोठीच नामुष्की होती.

विश्वकर्मा पूजेची बुंदी अजून डब्यात होती, तेव्हाची गोष्ट. ऑनलाइन मीटिंग चालू होती. माझी बोलायची पाळी आली, मी कॅमेरा लावला आणि स्क्रीन निळी झाली. त्यावर एक रडवेला चेहरा, खाली बारीक अक्षरांत काहीतरी, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. मी परत मीटिंगमध्ये शिरले, माफी मागितली, कॅमेरा लावला, पुन्हा निळी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर मी "आपल्या प्रॉडक्टची सर्वांत मोठी अडचण" एवढंच बोलले आणि गायब झाले.

संध्याकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मी जास्त घाबरले. ते म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण क्लायंटसमोर तुम्ही अर्ध्या वाक्यात नाहीशा होता. सोमवारच्या डेमोत असं झालं, तर मला तुम्हाला इकडे बोलवावंच लागेल. इथे जागा आहे, मशीन आहे, बसून काम करा."

मला पुण्याला जायचं नव्हतं. मी एकुलती एक, त्यामुळे सगळ्यांना सांगायला उत्तर तयार होतं, की आईबाबांकडे कोण बघणार. ऐकणाऱ्यालाही ते पटायचं. फोन ठेवला आणि मी खुर्चीला लाथ मारली. लागलं मलाच.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाय नं मंग. पुणं काय वाईट हाये का? लोकं तरसतात पुण्यासाठी."

तिचं हे इतकं सहज म्हणणं मला अजिबात आवडलं नाही. बाबा मात्र चष्मा लावून आले. रिटायर झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पाहिला नव्हता. घरात चक्क ब्रेकडाऊन झालं होतं!

"पह्यले एक सांगा," त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. "मशीनले शेवटचा हात कोणाचा लागला?"

हा प्लांटमधला पहिला प्रश्न. चालतं मशीन अचानक बिघडलं, तर कुणीतरी त्याला हात लावलेला असतो. तो हात शोधा, फॉल्ट सापडतो.

"मी नाही," मी म्हटलं.

"मी तं फडकं बी नाही मारलं," आई म्हणाली.

"आन् मी बी हात नाही लावला," बाबा म्हणाले. "म्हणजे कोणीच हात नाही लावला. मंग फॉल्ट बाहेरचा हाये."

झालं. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे तीन-चार दिवस फुकट घालवले.

निळ्या स्क्रीनवरच्या बारीक अक्षरांत एका फाइलचं नाव होतं, आणि ती फाइल नेटवर्क कार्डची होती. कॉम्प्युटरचं स्वतःचं इंटरनेटचं तोंड मागच्या पावसाळ्यात वीज पडून जळालं होतं, म्हणून मी हे वेगळं कार्ड आणून आतल्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये बसवलं होतं. वायफाय तेच पकडायचं. मेल पाठवा, काही वाचा, तोवर ते निमूट काम करायचं. व्हिडिओसारखं जड काम पडलं की अंग टाकायचं आणि जाता जाता सगळं मशीन घेऊन पडायचं.

मी कार्डचं सॉफ्टवेअर नवीन टाकलं. मग जुनं टाकलं. मग कंपनीच्या साइटवरून आणखी तिसरंच टाकलं. निळी स्क्रीन काही हटेना. तोवर बाबा मल्टिमीटर घेऊन घरातले सगळे सॉकेट तपासून आले. व्होल्टेज बरोबर होतं. मग त्यांना अर्थिंगचा संशय आला, म्हणून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. त्यानंही काही झालं नाही. मग त्यांचं लक्ष हायवेकडे गेलं. आमचं नेहरू नगरचं घर हायवेपासून फार लांब नाही, ट्रक गेले की खिडकीच्या काचा बोलतात. कंपनामुळे होत असेल म्हणून त्यांनी कॅबिनेटखाली पोत्याची घडी सरकवली.

"बाबा, हे मिलची मोटर नाही हो!" मी ओरडले.

"फॉल्ट तं फॉल्टच असते, बाई. मोटर काय आन् कॉम्प्युटर काय."

शेवटी मी मार्केटमधल्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "दीदी, फॉरमॅट मार देते हैं." या माणसाकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी चिडून परत आले.

त्या दुपारी आम्ही बापलेकीनं तह केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दुसऱ्यानं मध्ये पोतं सरकवायचं नाही. आधी कार्ड काढून बाजूला ठेवलं. इंटरनेट मोबाइलवरून, केबल लावून घेतलं. आता समोर व्हिडिओवर बोलायला कुणीतरी हवं होतं, तर आईला बाबांचा फोन देऊन स्वयंपाकघरात बसवलं. तिनं तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. माझ्या स्क्रीनवर आमचा पंखा आणि आईचं अर्धं कपाळ.

"काय बोलू?" कपाळ म्हणालं.

"काही बी बोल, पण बोलत राहा!"

हे आईला सांगायची खरं तर गरज नव्हती. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची भाजी कशी करायची इथपासून सुरू करून ती उतईला राहणाऱ्या मावशीच्या सुनेपर्यंत पोचली, तिथून परत भाजीवर आली, आणि मशीन काही पडलं नाही. दुपार सरली तरी नाही. बाबांनी टाळी दिली. चोर सापडला होता! कार्डच खराब.

पण बाबांचा नियम, की पार्ट खराब म्हणायच्या आधी तो दुसऱ्या चांगल्या मशीनवर लावून बघायचा. मी कार्ड रुमालात गुंडाळून, स्कूटी काढून पुन्हा त्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर ते कार्ड इतकं सुरेख चाललं की त्यानं एक अख्खा सिनेमा त्यावर उतरवून घेतला आणि म्हणाला, "कार्ड तो फर्स्ट क्लास है, दीदी." घरी आणून परत बसवलं, आईनं "हॅलो" म्हटलं, आणि निळी स्क्रीन.

परक्याच्या घरी शहाण्यासारखं वागणारं आणि आपल्या घरी येताच लोळण घेणारं पोर असतं ना, तसं हे कार्ड. मला रडायलाच आलं. सोमवार जवळ आला होता आणि खरं सांगायचं तर मी मनातून हरले होते. पुण्यात खोली कुठे मिळेल ते मोबाइलवर पाहायलाही सुरुवात केली होती. बाबा माझ्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसले होते.

मग मी मोठ्यानं बोलून पाहिलं, जशी कामात बोलते. मशीन एकटं ठीक. कार्ड एकटं ठीक. दोघं मिळाली की बिघाड. म्हणजे जिथे दोघांची भेट होते ती जागा तेवढी राहिली.

कार्ड पुन्हा काढलं. बाबांनी बॅटरी धरली. मी स्लॉटमध्ये डोळा घातला. अरुंद खाच, दोन्ही बाजूंना बारीक पितळी दात, आणि पार टोकाला, दातांच्या मध्ये, काहीतरी पिवळं. भुवया कोरायचा चिमटा आणून ते अलगद उपसलं आणि तळहातावर घेतलं.

तांदळाची कणी. हळदीत रंगलेली. तिच्यामागून थोडी लाल पूडही आली.

आई हात पुसत आली, वाकली आणि लगेच ओळखून म्हणाली, "अवो, ह्या तं अक्षता!"

तेव्हा दोघांना विचारून मला सगळा प्रकार कळला. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मी दुर्गला मैत्रिणीकडे गेले होते. माझ्या मागे बाबांनी कॅबिनेट उघडलं, ब्रशनं धूळ काढली, हेअर ड्रायरनं फुंकली, कार्ड उपटून फडक्यानं पुसलं. आईनं उघड्या मशीनला आतून हळदकुंकू वाहिलं, वरून अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मग बाबांनी कार्ड दाबून बसवलं, झाकण लावलं, वर फूल ठेवलं. फूल मी पाहिलं होतं. मला वाटलं, वरच्या वर पूजा झाली. कार्ड त्या कणीवर तिरकं बसलं होतं, कसंबसं टेकलेलं, म्हणून हलकं काम करायचं आणि जड काम आलं की सुटायचं.

"बाबा! तुमी तं म्हणे हात बी नाही लावला!"

"हात कुठं लावला?" बाबा अगदी निरागसपणे म्हणाले. "पूजा केली."

ते खोटं बोलत नव्हते. प्लांटच्या माणसाला हे दोन वेगळे विषय आहेत. हात लावणं म्हणजे पाना घेऊन दुरुस्ती करणं, त्याचा जबाब द्यावा लागतो. पूजा म्हणजे मशीनची आंघोळ. त्या दिवशी मिलमध्येही सगळं उघडून पुसतात, हार घालतात, बुंदी वाटतात, आणि मशीनला कुणी हात लावला असं कुणाच्याही डोक्यात येत नाही. मी स्वतः या घरात वाढलेली, मलाही ते सुचलं नव्हतं. फूल डोळ्यांसमोर सुकून गेलं, तरी नाही.

बाबा एकदम हसायला लागले. मोड्यावरून पडतात की काय असे हसले. "अवं, आमच्या मिलमधी पूजेच्या दुसऱ्या दिवशी दरसाल काही ना काही अडकेच! आन् आमी नाइट शिफ्टवाल्यायले शिव्या देओ!"

"देवाचे तांदूळ हायेत, फेकू नको," आई म्हणाली. तिनं ती कणी माझ्या हातावरून उचलून तुळशीत टाकली.

स्लॉट ब्रशनं झाडला, कार्डाचे सोनेरी पट्टे खोडरबरानं पुसले. या वेळी कार्ड बसताना टक्क असा आवाज झाला. दुकानातून आणून बसवताना तो झाला नव्हता, आणि मला चुका शोधायचा पगार मिळतो! आईला पुन्हा डब्यासमोर बसवलं. ती मावशीच्या सुनेचं राहिलेलं सांगायला लागली, मशीन ऐकत राहिलं.

सोमवारचा डेमो नीट पार पडला. मी सगळी वाक्यं पूर्ण केली. शेवटी साहेबांनी विचारलं, "मग काय निघालं होतं?" मी खरं ते सांगितलं. ते पोट धरून हसले. "आम्ही खंडेनवमीला लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतो हो, पण उघडून नाही बघत!" मग म्हणाले, "राहा तिथेच. काम चांगलं चाललंय."

मी धावत बाहेर आले. आईबाबा दोघंही सोफ्यावर बसून होते, टीव्ही बंद. मी म्हटलं, "नाही जा लागत पुण्याले!"

आईनं तोंडाला पदर लावला आणि रडायलाच लागली. आठवडाभर "जाय नं, जाय नं" म्हणणारी बाई! मी तिच्याजवळ बसले. बाबा म्हणाले, "एक सांग. तू आमच्यासाठी राहून राहिली का? तसं असन तं नको राहू."

आयुष्यभर तयार ठेवलेलं उत्तर ओठावर आलं होतं, पण त्यांच्यासमोर ते बोलवेना. "नाही बाबा," मी म्हटलं. "मले तुमच्याबिगर करमत नाही."

बाबांनी मान हलवली. "आमी ठरवलं होतं. तू गेली असती तं घर भाड्यानं देऊन आमी बी आलो असतो तुयामागं."

"तुमी? भिलाई सोडून?" मला खरंच वाटेना. हा माणूस दोन दिवस नागपूरला गेला तरी तिसऱ्या दिवशी परत यायची घाई करतो.

"मी म्हटलं हिले, पुण्यात आपली बोली आयकून लोकं हसतीन."

आई पदराआडून म्हणाली, "हसू द्या ना मंग. पोरगी तं दिसन रोज."