जचकीखान्यातलं पाप

जचकीखान्यात सगळे मला पाप म्हणायचे. खाटेवरच्या बायका, त्यांच्या आया, झाडूवाली म्हातारीसुद्धा. "ए पाप, इटु रा!" सोबत हात हलायचा, म्हणून 'इकडे ये' एवढं कळायचं आणि मी जायची. पण पाप का? माझ्या तोंडाकडे बघून लोकांना असं काय वाटतं, ते विचारायची हिंमत नव्हती. मी परभणीकडच्या खेड्यातली, सातवीत शाळा सुटलेली, हैदराबादेत नर्स-दाईच्या ट्रेनिंगला नुकती लागलेली. दोन वेळचं जेवण, पांढऱ्या साड्या आणि झोपायला स्वतःची लोखंडी खाट, हे सगळं मलकपेठच्या मामांच्या खटपटीनं मिळालं होतं. त्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

मग मी पहिली जचकी पाहिली. माझं काम फक्त बाईचा हात धरायचं. पण कळ आली की ती माझा हात असा आवळायची की शेवटी तिनंच माझा धरला म्हटलं तरी चालेल. मूल बाहेर आलं, रडलं. मोठ्या सिस्टरनी, त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो, त्याला उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाप. पाप पुट्टिंदि."

बाईनं तोंड भिंतीकडे केलं आणि ती रडायला लागली.

मुलगी होती. अजून पुसून कोरडीही झाली नव्हती, तोवर तिला पाप ठरवून मोकळे झाले! आणि अक्कांनी? मला चादरीचे कोपरे दुमडण्यापासून सगळं त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. त्यांच्याच तोंडून ते ऐकलं म्हणून फार लागलं. असल्या कामात जन्म घालवायचा नाही, असं त्या दिवशी मनाशी आलं.

रविवारी मलकपेठला गेले. हैदराबाद राज्य मोडून भाषावार वाटण्या होत होत्या. आमचा मराठवाडा मुंबई राज्यात जायचा होता आणि मामांनी बदली तिकडेच मागून घेतली होती. मामी ट्रंका भरत बसली होती.

"मामी, मलाही घेऊन चला. मला नाही व्हायचं नर्स."

"का गं? कुणी काही बोललं?"

"मला पाप म्हणतात. आत्ता जन्मलेल्या पोरीलाही पाप म्हणाले."

मामा अंगणात दाढी करत होते. त्यांना असं हसू फुटलं की वस्तरा खाली ठेवावा लागला. "अगं येडे, तेलुगूत पाप म्हणजे छोकरी! बाळी! लाडानं हाक मारतात तुला."

"आधी सांगता येत नव्हतं?" मामी त्यांच्यावर खेकसली. "इतके दिवस पोर पापीण होऊन हिंडली!"

"बरं, आता कळलं ना? तरी यायचं?" मामांनी तोंड पुसलं. "ये की. तिकडच्या जचकीखान्यात शब्द टाकतो. सगळ्या मराठीच बोलतील, पाप नाही न् पुण्य नाही."

मीही हसले. पण परत येताना हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटेना. शब्द निर्दोष निघाला, पण बाई तर रडलीच होती.

दुसऱ्या दिवशी अक्का सुया उकळत होत्या, तेव्हा विचारलं, "वो बाई कायकू रोई, अक्का?"

"मालूम नै. खुशीसे भी रोते, डरसे भी रोते." त्यांनी वर पाहिलंही नाही. "पूछना नक्को. पानी देना."

मला आमच्या घरची जचकी आठवली. धाकटी बहीण झाली तेव्हा सुईण ओसरीवर येऊन एकच शब्द बोलली होती, "पोरगीच." वडील उठून गोठ्याकडे गेले. आत आईनं ते ऐकलं असणार, कारण तिचं कण्हणं एकदम थांबलं. मी चुलीपाशी होते. त्या 'च'चा अर्थ मला कुणी शिकवला नव्हता, तरी कळला होता.

मामा म्हणत होते त्या मराठी जचकीखान्यात मला सगळंच कळलं असतं. सासूचा टोमणा, नवऱ्याचं गप्प बसणं, तो 'च' रोज नव्यानं. इथं माझ्यापर्यंत नुसतं दुखणं पोचत होतं, आणि दुखण्याला हात देता येतो हे मी शिकत होते. इथलं बोलणं कळायच्या आत हात तयार होतील, एवढाच माझा हिशेब. त्याला धीटपणा म्हणता येणार नाही. घाबरूनच मी राहिले.

मामांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. मामी मात्र म्हणाली, "एकटी पोर परमुलखात ठेवायची?"

"कालपर्यंत आपलाच होता की मुलूख," मामा म्हणाले, आणि ट्रंकेला दोरी बांधायला लागले.

काचीगुडा स्टेशनावर त्यांना निरोप द्यायला गेले. मामीनं खिडकीतून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "नाही जमलं तर सरळ निघून ये. कुणाला विचारत बसू नको." मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. गाडी हलली तेव्हा तिच्यामागं धावावं असं खरंच वाटलं, दोन पावलं टाकलीही. डबे संपले. फलाट मोकळा झाला. दुपारची ड्यूटी होती, म्हणून मी जचकीखान्याच्या वाटेला लागले.